पळून आलेल्या पोराचं ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हार्ट अटॅक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले चार महिने हे पत्र डोक्यात घोळतंय, आज बसून लिहितेच. मी डॉक्टर नाही. मी पळते, आणि पळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची आई आहे, पण आमच्यावर जो प्रसंग गुदरला तो दुसऱ्या कुठल्या घरावर येऊ नये असं अगदी मनापासून वाटतं म्हणून तुमच्या पानावर थोडी जागा मागतेय. पत्र लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते, कापायचं असेल तर माझी गोष्ट कापा पण ट्रोपोनिन या हृदयाच्या रक्ततपासणीतला तासांचा हिशोब तेवढा ठेवा.

रविवारी सकाळी आमच्या ग्रुपची लाँग रन असते, दीड तासाची. लेक त्या दिवशी मोठ्यांच्या पुढे राहायचं म्हणून पहिल्यापासून ताणून पळाला, साडेसातला थांबला आणि न चालता न काही करता तसाच उभा राहिला, पाच मिनिटांत चक्कर येऊन खाली बसला आणि एक उलटी झाली. बेशुद्ध नाही पडला, छातीत दुखत नव्हतं, बोलत होता. आता कळतं की जोरात पळून एकदम उभं राहिलं की पायांत उतरलेलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करत नाहीत, बीपी घसरतं आणि घेरी येते, म्हणूनच तर थांबल्यावर दहा मिनिटं चालायचं असतं. पण तेव्हा कुठलं सुचतंय, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं.

तिथे ईसीजी काढला, साडेनऊला रक्त घेतलं. ईसीजीत छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये, म्हणजे तारांमध्ये, टी वेव्ह (ठोक्यानंतरची छोटी लाट) उलट्या, ठोके मिनिटाला ५२, आणि तासाभरानं रिपोर्ट आला, हाय सेन्सिटिव्ह (म्हणजे अगदी थोडंही पकडणारी टेस्ट) ट्रोपोनिन टी ४६ नॅनोग्रॅम प्रति लिटर, मर्यादा १४, शेजारी लाल अक्षरात पॉझिटिव्ह. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मुलाच्या हृदयाला इजा झालीय, अटॅकसारखं काहीतरी दिसतंय, आयसीयूत ठेवायला लागेल. पंधरा वर्षांच्या पोराला! माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं. साडेअकराला दुसरं सॅम्पल घेतलं तर आकडा ९२. म्हणजे दोन तासांत दुप्पट. आता अँजिओग्राफी करायची का यावर बोलणं सुरू झालं.

माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या आकड्यापाशी आहे, म्हणून तो नीट सांगते.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे, स्नायू आकुंचन पावतो त्या यंत्रणेचाच भाग. ते पेशीच्या आत असतं, रक्तात अगदी नगण्य. हृदयाची पेशी मेली की ते मोठ्या प्रमाणात बाहेर येतं, म्हणून हार्ट अटॅक ओळखायला ही तपासणी जगभर वापरतात आणि ती उत्तम आहे, माझी तक्रार तपासणीबद्दल अजिबात नाही. पण सगळंच ट्रोपोनिन स्नायूच्या धाग्यांना घट्ट बांधलेलं नसतं, पाचेक टक्क्यांच्या आसपास पेशीतल्या द्रवात सुटं असतं, आणि तास-दीड तास ठोके वर राहिले, भिंतींवर ताण आला की पेशीचं आवरण तात्पुरतं सैल होऊन हे सुटं ट्रोपोनिन झिरपतं असा आजचा एक मुख्य अंदाज आहे. नेमकं कसं झिरपतं यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. झिरपतं याबद्दल मात्र वाद नाही.

आणि १४ ही मर्यादा कुठून आली? निरोगी, विश्रांतीत असलेल्या माणसांचं रक्त तपासून, शंभरातले नव्व्याण्णव ज्याच्या खाली येतात तो आकडा. विश्रांतीत असलेल्या. नुकतीच दीड तास पळून आलेली माणसं त्यात नव्हती. व्यायामानंतर किती वाढलेलं चालेल याची वेगळी मान्य मर्यादा आजही नाही, म्हणजे आपण पळून आलेल्या पोराला बसून असलेल्या मोठ्या माणसाच्या फूटपट्टीनं मोजत होतो. मॅरेथॉन पळून आलेल्यांचं रक्त आजच्या संवेदनशील टेस्टनं तपासलं तर जवळजवळ सगळ्यांचं मर्यादेच्या वर जातं. जुनी, कमी संवेदनशील टेस्ट असतानाही बॉस्टन मॅरेथॉनच्या २००४ आणि २००५ च्या शर्यतींत ६० हौशी धावपटूंचा अभ्यास झाला होता त्यात साठ टक्क्यांहून जास्त जणांचं वाढलेलं होतं आणि चाळीस टक्के जणांचं तर पेशी मेल्या असं एरवी मानतात तिथपर्यंत गेलं होतं. ती माणसं हार्ट अटॅक येऊन पडली नव्हती, शर्यत पूर्ण करून उभी होती. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी आमच्या ग्रुपमध्ये वारंवार सांगते, ज्यांचा आठवड्याचा सराव ३५ मैल म्हणजे साधारण ५६ किलोमीटरपेक्षा कमी होता त्यांच्यात ट्रोपोनिनची वाढही जास्त होती आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याचं तात्पुरतं मंदावणंही जास्त दिसलं. सराव न करता मॅरेथॉनला उभं राहणाऱ्यांनी हे वाचावं.

पोरांचं काय, तर पोरांमध्ये हेच होतं आणि काही अभ्यासांत मोठ्यांपेक्षा जास्तच झालेलं दिसलंय. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेरा-तेरा जणांचे दोन गट, एक चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलांचा, एक मोठ्यांचा, सगळे सराव असलेले धावपटू, सगळ्यांना ट्रेडमिलवर ९० मिनिटं पळवलं आणि मग तासातासाला रक्त घेतलं. दोन्ही गटांत ट्रोपोनिन तीन-चार तासांनी शिखरावर पोचलं, मुलांचं शिखर मोठ्यांपेक्षा उंच, आणि चोवीस तासांत उतरलं. हे वाचताना माझे हात थरथरत होते कारण माझ्या लेकाचं वेळापत्रक अगदी हेच होतं, नव्वद मिनिटं पळाला, साडेसातला थांबला, साडेनऊला ४६, साडेअकराला म्हणजे बरोबर चार तासांनी ९२. तो आकडा वाढत होता कारण तो वाढायचीच वेळ होती ती!

मुलांमध्ये जास्त का, तर त्यांचं हृदय अजून वाढीला लागलेलं असतं, पेशींची पूर्ण वाढ झालेली नसते, सरावाची वर्षंही कमी, अशी कारणं मांडली जातात. जोर किती लावला याचा परिणाम फार मोठा, तेवढाच वेळ पण जास्त वेगानं पळालेल्या मुलांमध्ये वाढ जास्त दिसते, आणि वेग तोच ठेवून वेळ वाढवला तरी जास्त. नुसत्या पळण्याचंही नाही, पोहणाऱ्या, बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांमध्येही हे मोजलं गेलंय.

आता अटॅकमध्ये काय होतं ते बघा. तिथेही ट्रोपोनिन पहिल्या काही तासांतच वाढायला लागतं, म्हणून पहिल्या दोन सॅम्पलवर फरक कळतच नाही, आणि हीच खरी गोची आहे. फरक पुढे कळतो. अटॅकमध्ये ते बारा ते चोवीस तासांत शिखर गाठतं आणि आठवडा-दहा दिवस रेंगाळतं. व्यायामाचं ट्रोपोनिन तीन ते सहा तासांत शिखर गाठतं आणि एक ते तीन दिवसांत घरी जातं. म्हणून काळजी असलेल्या मुलाला निरीक्षणाखाली ठेवून काही तासांनी तिसरं आणि दुसऱ्या दिवशी चौथं सॅम्पल घेणं, हे घाईनं मोठी प्रोसिजर करण्यापेक्षा किती वेगळं आहे सांगा. आणि २०१८ साली जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून हार्ट अटॅकची जी व्याख्या केलीय, चौथी आवृत्ती, त्यात स्पष्ट आहे की नुसतं ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅक नाही, त्याबरोबर हृदयाला रक्त कमी पडतंय याचा काहीतरी पुरावा लागतो, लक्षणं किंवा ईसीजीतले नवे बदल किंवा इमेजिंगमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्कॅनमध्ये, दिसणारे बदल. आणि दमसासाच्या व्यायामानं ट्रोपोनिन वाढू शकतं याचाही त्यात उल्लेख आहे. मी काही नवं शोधून आणलेलं नाही, पुस्तकात आहे तेच सांगतेय.

आमचं नशीब असं की दुपारी मुलांच्या हृदयाच्या एक तज्ज्ञ डॉक्टर बाई आल्या. त्यांनी रिपोर्ट हातात घ्यायच्या आधी माझ्याकडे बघून विचारलं, ताई, हा पळायचा कधी थांबला? घड्याळातली वेळ सांगा. सकाळपासून कुणीही हे विचारलं नव्हतं. मग विचारलं, किती वेळ पळाला, गेल्या दोन आठवड्यांत ताप, घसा, जुलाब काही झालं का, पळताना छातीत दुखलं का, पळता पळता कधी शुद्ध हरपली का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का. सगळ्याचं उत्तर नाही. तापाचं का विचारलं ते नंतर समजावलं, व्हायरल तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, मायोकार्डायटिस, त्यातही ट्रोपोनिन वाढतं पण ते एका दिवसात उतरत नाही, आणि अशा हृदयावर व्यायाम करणं खरोखर धोक्याचं असतं. तापातून उठलेल्या पोराला स्पर्धा आहे म्हणून मैदानात उतरवणारे पालक मी बघितलेत, त्यांना हात जोडून सांगते, नका करू.

ईसीजी बघून त्या म्हणाल्या, वय पंधरा ना, मग व्ही वन ते व्ही थ्री या छातीवरच्या लीडमधल्या उलट्या टी वेव्ह या वयात असू शकतात, आणि ५२ ठोके सरावाचे आहेत. खेळाडूंचा ईसीजी कसा वाचावा याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये आलेत, त्यात सोळा वर्षांखालच्यांसाठी हे नॉर्मलमध्येच धरलंय. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, नॉर्मल. संध्याकाळी साडेसातला ट्रोपोनिन ३४, दुसऱ्या दिवशी सकाळी १०. घरी सोडलं. जाताना बाई मला म्हणाल्या, तुम्हीही पळालात ना त्याच्याबरोबर, काल तुमचं रक्त घेतलं असतं तर तुमचंही वाढलेलंच दिसलं असतं.

त्या रिपोर्टमध्ये अजून एक आकडा होता, एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे बीएनपी हे हार्मोन तयार होताना सुटणारा तुकडा, त्याचंही घरोघर भय आहे म्हणून लिहिते. नावातला बी म्हणजे ब्रेन, त्यामुळे मेंदूचं काहीतरी वाटतं, कारण बीएनपी पहिल्यांदा १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं, पण आपल्याकडे ते मुख्यतः हृदयच सोडतं, भिंत ताणली गेली की. हार्ट फेल्युअर आहे का हे ठरवायला वापरतात, हळूहळू लक्षणं सुरू झालेल्या मोठ्या माणसात मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. पळताना हृदयात तासभर रक्ताचा लोंढा चालू असतो, भिंती ताणल्या जातात, त्यामुळे हेही वाढतं आणि दिवस-दोन-तीन दिवसांत उतरतं. ते इजेचं नाही, ताणाचं चिन्ह आहे, आणि ताणावर हृदयानं दिलेला तो जवाब आहे कारण बीएनपी रक्तवाहिन्या सैल करतं, मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. बायकांमध्ये विश्रांतीतही ते पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं. आणि सीके, सीके-एमबी ही स्नायूंमधली एन्झाइम्स तर पायाच्या स्नायूंमधूनही येतात, लांब पळाल्यावर सीके हजारात जाऊ शकतं, त्यावरून हृदयाचा निकाल लावूच नये.

एककांचाही घोळ असतो. एका लॅबचा रिपोर्ट ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणतो, दुसऱ्याचा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर, दोन्ही एकच आहे, पण आमच्या ग्रुपमधल्या एकानं आपलं जुनं ०.०१ आणि नवं ११ बघून रात्रभर झोप काढली नाही. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या दोन प्रकारांचे आकडेही एकमेकांशी ताडून बघायचे नसतात, आणि आयच्या बाबतीत तर कंपनीगणिक मर्यादा वेगळी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तेही सांगायला हवं, काही ट्रोपोनिन टेस्टमध्ये त्यानं आकडा खोटा कमी येतो, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २०१७ मध्ये याचा इशारा दिलाय. खोटा कमी म्हणजे खरा अटॅक निसटू शकतो, हे जास्त वाईट.

आता यावरून कुणी असं म्हणू नये की ही पत्र लिहिणारी म्हणते पळाल्यावर ट्रोपोनिन वाढलं तर सोडून द्या. अजिबात नाही. तोच आकडा पंधराव्या वर्षी एक सांगतो आणि साठीत दुसरंच सांगू शकतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला, रोज ३० ते ५५ किलोमीटर चालण्याच्या तिथल्या मोठ्या उपक्रमातल्या ७२५ जणांचा, बहुतेक पन्नाशी-साठीचे. चालल्यानंतर ज्यांचं ट्रोपोनिन आय मर्यादेच्या वर गेलं असे नऊ टक्के होते, आणि पुढच्या साडेतीनेक वर्षांत त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांना मृत्यू किंवा हृदयाचा मोठा त्रास झाला, बाकीच्यांत हे प्रमाण ७ टक्के. चालण्यानं त्यांचं हृदय बिघडलं असं यातून सिद्ध होत नाही, पण आधीच काहीतरी बिघडलेलं ताणाखाली उघडं पडलं असेल हे नक्कीच शक्य आहे. म्हणून चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाचं असं वाढलं तर शांतपणे पुढची तपासणी व्हायलाच पाहिजे. आणि कुठल्याही वयात श्रमात छातीत भरून आलं, पळता पळता शुद्ध गेली, ठोके अचानक सैरभैर झाले तर ट्रोपोनिन काहीही असो, खेळ थांबवून डॉक्टरकडे जायचं. पळून थांबल्यावर घेरी येणं वेगळं आणि पळतानाच कोसळणं वेगळं, दुसरं फार गंभीर घ्यावं.

भीतीच्या बाजूनं लिहिणाऱ्यांना मी एक आकडा देते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या एक कोटी नऊ लाख सहभागींमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना झाल्या, म्हणजे साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एक. त्यामागे बहुतेक ठिकाणी आधीपासूनचा आजार होता, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा जन्मजात प्रकार किंवा ब्लॉकेज. ५९ पैकी ४२ गेले. वाचण्यात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेजारच्या माणसानं ताबडतोब सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) दिल्याचा, त्यामुळे स्पर्धेच्या वाटेवर सीपीआर येणारी माणसं आणि हृदयाला शॉक देणारी एईडी मशीन किती आहेत हे प्रत्येक पालकानं आयोजकांना विचारावं, पळून झाल्यावर सगळ्यांचं ट्रोपोनिन काढण्यापेक्षा ते लाख पटीनं कामाचं. काही त्रास नसताना हौसेनं ही टेस्ट करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, वाढलेलीच येणार आणि मग घरात रडारड.

तर संपादक महोदय, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. लॅबच्या फॉर्मवर उपाशी की जेवून हे विचारतात तसं गेल्या तीन दिवसांत जोराचा व्यायाम केला का आणि किती वाजता थांबलात एवढी एक ओळ असावी. कॅज्युअल्टीत शाळकरी खेळाडू आला तर हे दोन प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारले जावेत. रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह न छापता रक्त किती वाजता घेतलं ते ठळक छापावं. आणि तुम्ही लोकांनी, मी आदरानं सांगते, पळण्यानं हृदयाला इजा असे मथळे देताना त्यात किती तासांनी, कुठल्या वयाच्या, कुणाच्या रक्तात हे लिहावं, कारण ते मथळे फॉरवर्ड होऊन येतात आणि आजी-आजोबा पोरांचे बूट लपवतात, आमच्या घरी खरंच लपवले होते.

लेकाचं पळणं तीन आठवड्यांनी, बाईंनी परत एकदा तपासून हो म्हटल्यावर, सुरू झालं. आता थांबला की दहा मिनिटं चालतो, न सांगता. त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये एक प्लास्टिकची छोटी पिशवी असते, त्यात त्याच्या विश्रांतीतल्या ईसीजीची झेरॉक्स, विश्रांतीतलं ट्रोपोनिन, माझा नंबर, आणि खाली त्यानंच मोठ्या अक्षरात लिहिलंय, मी किती वाजता थांबलो ते आधी विचारा.

आपली,
एक पळणारी आई